मामंजींच्या नावाचा वळू

मामंजी वाडग्याच्या तोंडाशी आडवे उभे होते आणि माइदेईला गुरं चरायला काढायची होती. आत सगळा कळप खोळंबला होता. ऊन वर चढायला लागलं होतं.

"मामंजी, जरा सरकता का?" ती म्हणाली. मग रीतीप्रमाणे तिने गुडघे टेकले, तळवे खोलगट करून हळूच टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा म्हणाली, "अहो, गुरं उपाशी आहेत."

मामंजींनी शेपटीने माश्या वारल्या, भलामोठा पो टाकला आणि रवंथ चालू ठेवला. त्यांची मर्जी होईपर्यंत माइदेई तिथेच शेणात बसून राहिली.

खरे मामंजी, म्हणजे तिचे सासरे मंडाझा, कधीच वारले होते. ते गेल्यावर वर्षाने, त्यांच्या बुहेरा भागातल्या रीतीप्रमाणे, घरच्यांनी नाचणीची बिअर गाळली, कळपातल्या काळ्या वळूच्या पाठीवर ओतली, वर तपकीर शिंपडली आणि त्याला मंडाझा हे नाव दिलं. त्या घटकेपासून तो वळू म्हणजे घरातला वडीलधारा झाला. त्याला विकायचं नाही, खच्ची करायचं नाही, मारायचं नाही. मुलाने येताजाता त्याला मान द्यायचा आणि सुनेने तर काठीच काय, आवाजही चढवायचा नाही. जिवंतपणी म्हातारा बिचारा साधा होता. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला साद्झा वाढला की निमूट खायचा आणि चुलीपाशी डुलक्या काढायचा. मेल्यावर मात्र मिजास वाढली, असं माइदेईच्या मनात यायचं. ती बोलायची नाही, कारण वन्संचे कान लांब होते.

वळू आता थकला होता. दात झिजून हिरड्यांना लागले होते, मागच्या पायांत कळ असायची. गाय माजावर आली की तो तिच्यामागे धावायचा खरा, दुसऱ्या कुणाला तिच्या आसपास फिरकूही द्यायचा नाही, पण पुढे निष्पन्न काही व्हायचं नाही. तीन आठवड्यांनी तीच गाय पुन्हा हंबरायला लागायची. गेल्या पावसाळ्यात सगळ्या वाडग्यात मिळून एकच वासरू झालं, आणि तेही हौदाच्या वाटेवर कुणाच्यातरी खोंडाने उरकलेलं, असं गाव उघडउघड म्हणत होतं. घरचे गोऱ्हे नांगराला हवेत म्हणून लहानपणीच खच्ची केले जात. म्हणजे कळपाचा सगळा भार त्या एका म्हाताऱ्यावर होता.

माइदेईने हेही सोसलं असतं. कळप नवऱ्याचा, वळू नवऱ्याचा बाप. बुडाला तर त्याचा तो बघून घेईल. पण त्या वाडग्यात एक गाय तिची स्वतःची होती.

मुलीच्या, रुजेकोच्या लग्नात जावयाने रीतीप्रमाणे गुरं आणली. बाकीची तापेराच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कळपात गेली, पण एक तांबडी कालवड होती आईपणाची. पोरीला पोटात वाढवलं, पाठीवर वाहिलं, त्याची ती गाय. ती आईची, तिची वासरं आईची, आणि त्या वासरांची वासरंही आईचीच. नवरा मेला की भाऊबंद बाकीचं सगळं वाटून घेतात, पण ही गाय आणि तिची पिलावळ बाईच्या मागोमाग चालत जाते. तिला हात लावायची कुणाची टाप नसते, कारण त्यात बाईच्या माहेरचे पितर कोपतात. माइदेईने त्या कालवडीचं नाव फुमाई ठेवलं होतं, म्हणजे श्रीमंत व्हा.

माइदेईच्या आईलाही अशीच एक गाय मिळाली होती. ती भाकड निघाली. बाप गेल्यावर आई त्या एका म्हाताऱ्या गाईला पुढे घालून भावाच्या दारात गेली आणि मरेपर्यंत तिथेच राहिली. भावाच्या घरचं जेवताना आईने कधी मान वर केलेली माइदेईने पाहिली नाही. तसं आपलं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिने ठरवलं होतं.

म्हणून ती फुमाईला जपायची. मक्याचा कडबा कापणीनंतर शेतात न सोडता झाडावर रचून ठेवायची आणि कोरड्या महिन्यांत तो मीठ लावून तिला घालायची. इतर गाईंच्या बरगड्या मोजता येत, फुमाईचा पुठ्ठा भरलेला असायचा. ती वेळच्या वेळी माजावर यायची आणि गाभ न धरता वेळच्या वेळी उलटायची. मामंजी तिच्या पाठीवर चढायचे, धापा टाकायचे आणि उतरायचे. माइदेई कुंपणाशी उभी राहून दातओठ खायची.

दर आठवड्याला सगळ्या गावची गुरं गोचीड मारायच्या हौदात पोहवून काढायची असत. एकदा तिथे पशुखात्याच्या माणसाने काळ्या वळूचं तोंड उघडून पाहिलं.

"याचं आता काही खरं नाही," तो तापेराला म्हणाला. "स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही. याला काढा आणि बाहेरचा तरुण वळू आणा, नाहीतर पाच वर्षांत वाडगं झाडून घ्याल."

"तुझ्या बापाचं तोंड असंच उचकटून बघतोस का रे?" तापेरा म्हणाला.

हौदावरचे सगळे हसले. तापेराही हसला, कारण लोक हसले की त्याला आपलंच बरोबर वाटायचं. तो उंचनिंच, दिसायला रुबाबदार माणूस होता. मुखियाच्या बैठकीत त्याला बसायला पाट मिळायचा, आणि त्यामागे मंडाझाचं नाव अजून वाडग्यात चालतंबोलतं आहे हेच होतं.

घरी आल्यावर माइदेईने विषय काढला. नवऱ्याला ती सगळ्या बायकांसारखी कुळाच्या नावाने हाक मारायची. "शुंबा, तो माणूस खोटं नाही बोलला. आणि रीतीतच वाट आहे की. बिअर करू, मामंजींना मानाने पोचवू आणि नाव तरुण वळूला देऊ. मामंजी कुठे जात नाहीत, नुसते अंग बदलतात."

"ते चालताहेत, खाताहेत," तापेरा म्हणाला. "चालत्या माणसाला पोचवायचं? उद्या मला पोचवशील."

"गाई गाभण राहत नाहीत हो."

"दुष्काळ आहे. कुणाच्या राहताहेत?"

"चोकुदाकाकांच्या राहताहेत."

चुलीपाशी वन्सं बसल्या होत्या. एस्नाथ वन्सं, तापेराची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिल्या होत्या आणि घरातल्या सगळ्या रीतीभाती त्यांच्या जिभेवर होत्या. त्यांनी चुलीतलं लाकूड सावकाश पुढे सरकवलं.

"दोष वळूत असतो तसा गाईतही असतो," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचीही वांझच होती ना गं? बाहेरच्या घरातून काय काय येतं, कुणी सांगावं."

माइदेईच्या काळजात सुरी फिरली. त्याच क्षणी तिचं ठरलं.

चोकुदा म्हणजे ओढ्यापलीकडचा म्हातारा. बायको वारली होती, मुलगा दूर शहरात होता. उमेद होती तोवर एका मोठ्या गोऱ्या शेतकऱ्याकडे गुरं सांभाळली आणि निघताना मजुरीच्या बदल्यात एक करडा खोंड मागून आणला. त्याचा आता वळू झाला होता: मोठं वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी आणि पानासारखे लांब, खाली पडलेले कान. त्याला चोकुदाने कुणाचं नाव दिलं नव्हतं, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त एक वळू तो ठेवतही नसे. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याला ना बाप ना पितर. गावच्या निम्म्या गाई मात्र गुपचूप ओढ्यापलीकडे जाऊन आल्या होत्या.

गुरं हौदावर न्यायच्या पुढच्या वारी तापेरा बैठकीला गेला होता आणि गुरं माइदेईकडे होती. फुमाई सकाळपासून हंबरत होती, इतर गाई तिच्यावर चढल्या तर निमूट उभी राहत होती. परतताना माइदेईने कळप ओढ्याकाठी चरायला लावला आणि फुमाईला एकटीला काढून पलीकडे नेलं.

"सूनबाई, हे तापेराला ठाऊक आहे?" चोकुदाने विचारलं.

"नाही."

"मग मलाही ठाऊक नाही. फाटक उघडं आहे, गाय आपली आपण आत गेली." त्याने पाठ फिरवली आणि कुंपणाचे काटे नीट करायला लागला. "पण एक लक्षात घे. उद्या बोभाटा झाला तर ते वळूचं बोलणार नाहीत. मंडाझाच्या घरची सून रंडक्याच्या दारात काय करत होती, हे बोलतील. आणि तुझ्या सासऱ्याला कमी लेखलं म्हणून मला दंडाची गाय भरावी लागेल ती वेगळीच."

"माहीत आहे काका."

"तेवढं माहीत असलं की झालं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "गोऱ्हा झाला तर मला दे. दूध तुटलं की घेईन. त्याच्या बदल्यात दोन कालवडी नेऊन बांध. तुला वळू काय करायचाय, तुला पोटं हवीत."

माइदेई खूप दिवसांनी मोकळी हसली.

फुमाई त्या खेपेला उलटली नाही. दिवस भरले आणि पहिल्या गवतात ती व्याली. गोऱ्हा झाला, चांगला दांडगा, ओला असतानाच उभा राहायची धडपड करणारा. रंग करडा, आणि कान पानासारखे लांब, खाली पडलेले.

गाव पाहायला आलं. बायकांनी तोंडाला फडकी लावली. "कानांवरून अगदी आजोबांवर गेलाय हो," एक जण म्हणाली. "मंडाझाला ऐकू कमी यायचं ना, म्हणून देवाने या खेपेला मोठे दिले," दुसरी म्हणाली. तापेरा गोऱ्ह्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने माइदेईकडे पाहिलं आणि पाट उचलून सावलीत जाऊन बसला. तो ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून हौदावर गुरं तो स्वतः न्यायला लागला.

माइदेईने तोंड शिवून घेतलं आणि गोऱ्हा वाढवला. दूध काढताना दोन सड त्याच्यासाठी सोडायची, त्याच्या अंगावरची गोचीड हाताने वेचायची. तो तिच्या मागेमागे फिरायचा आणि तिच्या कमरेचं फडकं चघळायचा. तिला तो दिसायचा तेव्हा खरं तर दोन कालवडी दिसायच्या, मग त्यांची वासरं, आणि त्या सगळ्यांच्या मागून ताठ मानेने चालणारी एक म्हातारी.

दूध तुटल्यावर ठरल्याप्रमाणे चोकुदा आला. दोन कालवडी त्याच्यापुढे होत्या, एक बांडी आणि एक काळी, दोन्ही अंगाने भरलेल्या. माइदेई दार सोडून धावतच कुंपणाशी गेली. पण तिच्याआधी तिथे तापेरा आणि वन्सं उभे होते.

"या कशाच्या बदल्यात?" वन्संनी विचारलं.

"गोऱ्ह्याच्या," माइदेई म्हणाली. "आईपणाच्या गाईचं वासरू माझं आहे. मी देतेय."

"तुझंच आहे," तापेरा म्हणाला. आवाज एकदम मऊ होता. "कोण नाही म्हणतंय? म्हणून तर मागायला आलोय." आणि त्या उंचनिंच माणसाने सगळ्यांदेखत तिच्यासमोर बसून टाळ्या वाजवल्या. "बाबा थकले, हे तूच म्हणत होतीस. नाव तरुण वळूला देऊ, हेही तूच म्हणालीस. तुझं ऐकलं मी. हा गोऱ्हा बाबांचा शेवटचा. बाबांचं नाव यालाच शोभेल."

"हा मामंजींचा नाही." शब्द तिच्या तोंडून निघून गेला.

"मग कुणाचा?" तापेराने विचारलं.

चोकुदा जमिनीकडे पाहत होता. कुंपणापलीकडे शेजारणी जमायला लागल्या होत्या.

"सांग ना, रुजेकोची आई," तापेरा त्याच मऊ आवाजात म्हणाला. "तुझी गाय माझ्या बापाच्या वाडग्यात राहते. तिथे दुसरा वळू नाही. मग ती कुठे गेली होती? कोण घेऊन गेलं? कुणाच्या दारात?"

त्याला सगळं ठाऊक होतं. वन्संना ठाऊक होतं, शेजारणींना ठाऊक होतं, वासराच्या कानांना तर लपवताच येत नव्हतं. पण ते बोलायचं होतं ते एकट्या माइदेईने, आणि बोलली असती तर ती गोऱ्ह्याची गोष्ट उरली नसती. तिने चोकुदाकडे पाहिलं. म्हातारा मूग गिळून उभा होता, आणि तिला त्याचा रागही करता येईना.

"मामंजींचा आहे," ती म्हणाली.

वन्संनी जीभ हलवून असा काही आनंदाचा चीत्कार काढला की कालवडी बुजल्या. शेजारणींनी त्यात सूर मिळवला. चोकुदाने आपल्या कालवडी वळवल्या आणि ओढ्याकडे चालायला लागला. बांडी सारखी मागे वळून पाहत होती.

त्या रात्री तिला नवऱ्याचा संताप आला नाही, किळस आली. एवढे दिवस तो ज्या गोष्टीला नाही म्हणत होता तीच त्याने केली होती, फक्त तिची किंमत तिच्याकडून वसूल केली होती.

गोऱ्हा अंगापिंडाने भरला तेव्हा विधी झाला. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, बिअर गाळायची ती घरच्या सुनेने. म्हणजे तीही माइदेईनेच गाळली. म्हाताऱ्या काळ्या वळूला मानाने पोचवलं. त्याचं मांस इतकं चिवट होतं की पितरांसाठी म्हणून सगळे हूं की चूं न करता चावत राहिले. मग करड्याला मधोमध उभं केलं आणि तापेराने त्याच्या पाठीवर बिअर ओतली. जनावराने अंग झटकलं की पितराने नाव घेतलं असं मानतात. करड्याने अंग झटकलं.

"आले, बाबा आले!" वन्सं रडायलाच लागल्या.

अंगावर गार बिअर ओतली तर मीही झटकीन, असं माइदेईच्या मनात आलं. पण तोवर सगळे खाली बसले होते, म्हणून तीही बसली. ज्याच्यासाठी तिने दोन सड सोडले होते, त्याच्यापुढे गुडघे टेकून तिने टाळ्या वाजवल्या आणि त्याला मामंजी म्हटलं.

त्या हंगामात वाडग्यातल्या गाई एकामागून एक फळल्या; एक फुमाई तेवढी रोडली होती आणि माजावर येत नव्हती. हौदावर पशुखात्याच्या माणसाने त्यांची पोटं तपासली आणि तापेराची पाठ थोपटली. "नवं रक्त आणलंत, शहाणपणा केलात. सगळ्या गावाने तुमच्याकडून शिकावं."

"बाबांची कृपा," तापेरा म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

तो माणूस जायला निघाला तेव्हा माइदेईने त्याला बाजूला गाठलं. तांबडी गाय त्या वळूची आई आहे, म्हणाली. त्याचा चेहरा बदलला. "तिच्यावर त्याला जाऊ देऊ नका. वासरं अधू निपजतात, जगली तर. तिला वेगळी ठेवा, नाहीतर दुसरीकडचा वळू दाखवा." दुसरीकडचा म्हणजे ओढ्यापलीकडचा, आणि चोकुदा तर त्याच थंडीत गुरं विकून बुलावायो शहरात मुलाकडे निघून गेला होता.

तिने तापेराला विचारलं, निदान फुमाईच्या माजाच्या दिवसांत तरी वळूला बांधून ठेवू या.

"बाबांना? दोरीने?" तापेरा म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मग तिला माहेरी पाठवते."

"बाबांच्या वाडग्यातून गाय बाहेर काढली की लोक विचारतील का काढली. काय सांगशील?"

पाऊस उशिरा आला. गवत पुरेसं झालं तेव्हा एका सकाळी फुमाई हंबरायला लागली. माइदेई दूध काढायचं भांडं टाकून वाडग्यात धावली, तर करडा आधीच तिच्यामागे लागला होता. फुमाई कुंपणाच्या कोपऱ्यात उभी होती. तो तिचा वास घेत होता, मान वर करून ओठ मुरडत होता.

धावताधावता माइदेईने कुंपणाला टेकवलेली काठी हातात घेतली होती. एक सणसणीत फटका नाकावर बसला असता तर तो हटला असता. लहानपणी तिनेच त्याला कितीदा तरी हटवलं होतं, तो अजून तिच्या हाकेला ओळखत होता. तिने काठी उचलली. घराच्या दारात वन्सं येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या मागे तापेरा. त्यांना काही म्हणायची गरजच नव्हती.

तिने काठी खाली टाकली. शेणात गुडघे टेकले, तळवे खोलगट केले आणि टाळ्या वाजवल्या.

"मामंजी," ती म्हणाली, "सरका ना हो. ती तुमची आई आहे."

करड्याने आवाज ओळखून एकदा तिच्याकडे पाहिलं, लांब कान हलवले आणि पुढचे पाय उचलले.